दोघांनी मोजा, तिघांनी सह्या करा: मंडळीच्या सेवेत विश्वास कसा राखायचा

करिंथच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजात, प्रेषित पौलाबद्दल कुजबुज सुरू होती. हा माणूस आपल्याकडून स्वतःसाठी एक पैसा घेत नाही, मग यरुशलेमच्या गरिबांच्या नावाने एवढी वर्गणी का गोळा करतोय? आपली माणसं पाठवून मागच्या दाराने काढत तर नाही ना? बायबलमधल्या करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौलाने हा संशय स्वतःच बोलून दाखवलाय. त्यावर त्याने केलेला बंदोबस्त आठव्या अध्यायात आहे. त्याने आपला सहकारी तीत याला पाठवलं आणि त्याच्याबरोबर आणखी दोघांना. त्यातला एक जण पौलाने निवडलेलाच नव्हता, तो मंडळ्यांनी नेमलेला होता. कारणही त्याने लपवलं नाही. एवढी मोठी रक्कम आपल्या हातून जातेय, तिच्याबाबत कोणी बोट दाखवू नये. प्रभूच्या दृष्टीने चोख हवंच, पण माणसांच्या दृष्टीनेही हवं.

त्या वाक्याचा शेवटचा भाग आपल्याकडे नेमका गळतो. हिशेब विचारला की 'देव बघतोय, त्याला माहीत आहे' असं उत्तर येतं आणि विचारणाराच अविश्वासू ठरतो. देव बघतोय याबद्दल वाद नाही. पण रोजंदारीतून वीस रुपये काढून अर्पणात टाकणाऱ्या आजीला देवाची वही वाचता येत नाही, मंडळीची तरी वाचता यायला हवी. शिवाय मन कितीही साफ असलं तरी व्यवस्था नसेल तर ते दाखवता येत नाही. वाद पेटला की आधी भरडला जातो तो बिनपावतीचा प्रामाणिक माणूस. म्हणून पुढच्या पायऱ्या चोर पकडण्यासाठी नाहीत, सेवकाला वाचवण्यासाठी आहेत. शंभर-दोनशे माणसांची मराठी मंडळी, तिची पंच कमिटी, पाळकसाहेब, खजिनदार, महिला मंडळ आणि तरुण संघ डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलंय. कॅथलिक धर्मग्रामांत वित्त समिती कॅनन कायद्याच्या ५३७व्या कलमानेच बंधनकारक आहे, त्यांनी यातलं आपल्यापुरतं घ्यावं.

पहिली पायरी: रविवारचं अर्पण

सुरुवात इथूनच करा, कारण हे दर आठवड्याला होतं आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

दुसऱ्या राजे या पुस्तकाचा बारावा अध्याय काढा. योआश राजाने मंदिराच्या डागडुजीचे पैसे याजकांच्या हाती सोपवले. त्याच्या कारकिर्दीचं तेविसावं वर्ष उजाडलं तरी डागडुजी झालेली नव्हती. याजकांनी पैसे खाल्ले असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. काम झालं नाही, एवढंच आहे. मग यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं आणि ती वेदीजवळ ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे येऊन पैसे मोजत आणि थैल्यांत बांधत. राजवाड्याचा एक आणि मंदिराचा एक, अशी ती जोडी होती. त्याच अध्यायात पुढे म्हटलंय की कारागिरांना पैसे वाटणाऱ्या माणसांकडून हिशेब घेत नसत, कारण ती सचोटीने वागत. हिशेब न देणाऱ्या मंडळींना हे वचन तोंडपाठ असतं. त्याच्या पाच ओळी आधी दोघांनी पैसे मोजले, हे मात्र त्यांना आठवत नाही.

आता आपलं टेबल. मोजायला दोघं बसवा, दोन वेगवेगळ्या घरांतली. नवरा-बायको नकोत, बाप-लेक नकोत. पाळकसाहेब नकोत आणि वही लिहिणारा खजिनदारही नको. मोजणारा आणि लिहिणारा वेगळा असला तरच एकाची चूक दुसऱ्याला सापडते. महिन्याभराच्या जोड्या आधीच ठरवून फलकावर लावा. आयत्या वेळी 'अरे, तू ये रे जरा' असं झालं की तीच दोन माणसं वर्षानुवर्षं मोजत राहतात.

मोजणी चर्चमध्येच करा, दार उघडं ठेवून, लोक बाहेर चहा घेत असताना. पाळकांच्या घरी थैली न्यायची नाही, 'संध्याकाळी निवांत मोजू' हेही नाही. आधी पाकिटं घ्या. पाकिटावर दशांश ५०० लिहिलंय आणि आत ४०० आहेत, असं होतं. घाईत नोट घरीच राहिलेली असते. फरक त्याच पाकिटावर लिहा, दोघांनी सही करा आणि त्या कुटुंबाला त्याच दिवशी हळूच सांगा. मग सुट्या नोटा: पाचशेच्या किती, शंभरच्या किती, अशा दहापर्यंत. शेवटी चिल्लर. फाटकी नोट, चिकटपट्टी लावलेली नोट वेगळी काढा, पण एकूण रकमेतून वगळू नका. कधी अंगठी किंवा कानातलं येतं. चिठ्ठीत 'सोन्याची अंगठी' असं लिहू नका, 'पिवळ्या धातूची अंगठी, लाल खडा' असं लिहा. ते सोनं आहे की नाही ते सोनार सांगेल, आणि सोनाराकडे दोघांनी जायचं.

चिठ्ठी कार्बन लावून करा. तारीख, नोटांचा तपशील, एकूण रक्कम अंकी आणि अक्षरी, दोन सह्या. एक प्रत खजिनदाराला, दुसरी कमिटीच्या चिटणिसाच्या फाइलला. सोमवारी बँकेत भरलेली रक्कम आणि चिठ्ठीवरची रक्कम पैशापैशाला जुळली पाहिजे. इथे एक सवय मोडावी लागते. सतरंजीवाला दारात उभा असतो, पेट्रोलचे द्यायचे असतात, 'ताटातलेच दोनशे दे ना त्याला' म्हणून कोणीतरी देतं. खर्च खराच असतो. पण आता चिठ्ठी आणि बँक जुळत नाही आणि पुढच्या प्रत्येक फरकाला 'तेव्हा सतरंजीवाल्याला दिले असतील' ही सबब तयार होते. किरकोळ खर्चासाठी दोन-तीन हजारांची वेगळी डबी ठेवा, प्रत्येक खर्चाचं व्हाउचर करा आणि डबी संपली की व्हाउचरं दाखवूनच ती पुन्हा भरा.

'आमच्यावर विश्वास नाही का?' हा प्रश्न येणारच, बहुधा सर्वांत ज्येष्ठ माणसाकडून. त्यांना एज्राचा आठवा अध्याय वाचायला द्या. बाबेलहून यरुशलेमला निघताना एज्राने बारा प्रमुख याजकांना निवडलं आणि त्यांच्या हाती ६५० किक्कार (वजनाचं जुनं माप) चांदी, १०० किक्कार सोनं आणि पात्रं दिली, तीही तोलून. 'तुम्ही परमेश्वराला पवित्र आहात' असं त्यांना सांगितलं, आणि सगळं तोलूनही दिलं. चार महिन्यांच्या वाटेवर राजाकडे शिपाई मागायची एज्राला लाज वाटली होती, देवावर भरवसा ठेवून तो निघाला होता. पण यरुशलेमला पोहोचल्यावर चौथ्या दिवशी सगळं पुन्हा तोललं गेलं आणि वजन लिहून ठेवलं गेलं. देवावर भरवसा ठेवणाऱ्याला तराजूचं वावडं नव्हतं.

दुसरी पायरी: सुगीचा सण आणि लिलावाची वही

रोख पैशात शिस्त असलेल्या मंडळ्याही सुगीच्या सणाला घसरतात. बाजरी, भोपळे, गावरान अंडी, पाय बांधलेली कोंबडी, लोणच्याची बरणी, शेवग्याच्या शेंगा असं सगळं वेदीपुढे येतं आणि उपासनेनंतर लिलाव सुरू होतो. एक लिंबू पाचशेला जातं. घेणारा ते परत अर्पण करतो, पुन्हा बोली लागते, भोपळा तीनदा विकला जातो. मजा येते, यायलाच हवी. संध्याकाळी मात्र कोणाकडे किती राहिले हे कोणालाच नक्की ठाऊक नसतं.

लिलाव पुकारणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक लिहिणारा बसवा. दोघांनी स्वतंत्र वह्या लिहायच्या: वस्तू, शेवटची बोली, घेणाऱ्याचं नाव, रोख की बाकी, पावती क्रमांक. तीच वस्तू परत आली तर नवी ओळ. जुन्या ओळीवर खाडाखोड करायची नाही. दर दहा-बारा वस्तूंनंतर अर्धा मिनिट थांबून दोन्ही वह्यांची बेरीज ताडून पाहा. भजनाचं एक कडवं त्यात छान बसतं.

बाकीची मुदत त्याच दिवशी सांगा, पुढचे दोन रविवार पुरेत. मुदत टळली तर खजिनदाराने फोन करावा किंवा घरी जावं. नावं व्यासपीठावरून वाचू नका. भरात येऊन बोली लावलेला पण खरोखर अडचणीत असलेला माणूस असेल, तर कमिटीने ठराव करून ती रक्कम सोडून द्यावी. ठराव इतिवृत्तात येऊ द्या, नाव येऊ देऊ नका. 'जाऊ द्या हो' म्हणून खजिनदाराने एकट्याने माफ केलं, तर पुढच्या वर्षी त्याचाच भाऊ बाकीत असला की लोक बोलणार.

तिसरी पायरी: क्यूआर कोड कोणाच्या नावाचा?

चर्चच्या भिंतीवरचा कोड स्कॅन केला आणि पडद्यावर पाळकसाहेबांच्या मुलाचं नाव आलं, तर बाकीचा लेख वाचायचीही गरज नाही, आधी तो कोड काढा. सोय म्हणून लावलेला असतो, 'चर्चच्या खात्याचं काम चालू आहे' म्हणून वर्षभर राहतो. तोवर मुलाच्या खात्यात त्याचा पगार, गाडीचा हप्ता आणि मंडळीचं अर्पण एकत्र झालेलं असतं आणि ते वेगळं करणं चार्टर्ड अकाउंटंटलाही जड जातं. खातं संस्थेच्या नावाचं हवं, सह्या तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या हव्यात. कोऱ्या चेकवर आधी सही करून ठेवायची नाही, 'मी गावाला चाललोय' म्हणूनही नाही. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर संस्थेच्या सिमचा असावा.

आणि पैसे आले की रक्कम मोठ्याने सांगणारा तो बोलका स्पीकर उपासनेच्या वेळी बंद ठेवा. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये असं प्रभूने सांगितलंय. इथे अख्ख्या चर्चला ऐकू जातं.

चौथी पायरी: ज्या कामासाठी दिलं त्याच कामाला

छपरासाठी गोळा केलेले पैसे छपरालाच. पाळकांचा पगार थकलाय, छपराचे ऐंशी हजार पडून आहेत, पुढच्या महिन्यात परत टाकू, असं मनात येतं तेव्हा पैसे हलवण्याआधी देणाऱ्यांना विचारा. रविवारी उभं राहून सांगा आणि हात वर करून घ्या. मंडळी बहुतेक वेळा 'हो' म्हणते. न विचारता केलेलं तेच काम मात्र कायमचं लक्षात राहतं. रोजकीर्दीत छप्पर, गरीब निधी, शब्बाथ शाळा असे रकाने वेगळे ठेवा; बँकेची खाती वेगळी असायची गरज नाही.

गरीब निधीतून मदत देताना घेणाऱ्याचं नाव फलकावर लावायचं नाही, पण कमिटीतल्या किमान दोघांना ते माहीत हवं. एकट्या पाळकांनी एकट्याच्या मर्जीने वाटलेला गरीब निधी लवकरच 'त्यांच्या माणसांचा' निधी होतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्यांची आपल्या विधवांच्या वाटपाबद्दल हीच तक्रार होती. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवलं नाही, वाटपासाठी सात माणसं लोकांना निवडायला लावली.

पाचवी पायरी: पाळकांचा पगार आणि पाकिटं

१९४८ साली कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावी अमेरिकन सुवार्तिक बिली ग्रॅहॅम आणि त्यांचे सहकारी एकत्र बसले. फिरत्या सुवार्तिकांची बदनामी कशाकशामुळे होते याची त्यांनी यादी केली आणि चार गोष्टींवर एकमेकांना शब्द दिला: पैसा, स्त्री-पुरुष संबंधांतली शुद्धता, स्थानिक मंडळ्यांशी वागणूक आणि फुगवलेले आकडे. तरी पैशाची गोष्ट लगेच सुटली नाही. सभांच्या शेवटी सुवार्तिकासाठी प्रेमदान गोळा करायची रीत चालूच होती. १९५० मध्ये अटलांटाच्या सभा संपल्या तेव्हा तिथल्या वर्तमानपत्राने दोन छायाचित्रं शेजारीशेजारी छापली: एकात पैशांच्या थैल्या उचलणारे स्वयंसेवक, दुसऱ्यात निरोपाचा हात हलवणारे हसतमुख ग्रॅहॅम. गैरव्यवहार काहीच नव्हता, पण छायाचित्रांनी बोलायचं ते बोलून टाकलं. त्यानंतर त्यांनी आपल्या संस्थेच्या मंडळाने ठरवलेला पगार घ्यायला सुरुवात केली.

आपल्याकडे थैल्या नाहीत, पाकिटं आहेत. लग्न, घरभरणी, बारसं, स्मरणार्थ उपासना, सगळीकडे. कोणतं पाकीट पाळकांचं आणि कोणतं मंडळीचं, याचा एक ठराव करून टाका. माझ्या मते कौटुंबिक कार्यक्रमात हातात दिलेलं पाकीट पाळकांचंच धरावं, ते मोजत बसणं हलकटपणाचं आहे. चर्चमध्ये झालेल्या कार्यक्रमात ताटात आलेलं सगळं मंडळीचं. पाळकांनी मंडळीतल्या कोणाकडून उसने घेऊ नयेत आणि कोणाला जामीन राहू नये. पण याची दुसरी बाजू कमिटीने ऐकायची आहे: तीन-तीन महिने पगार थकवायचा आणि मग पाळकांच्या घरी नवा फ्रिज आला की भुवया उंचवायच्या, हे चालणार नाही. पगार ठरल्या तारखेला, बँकेतून, भविष्यनिर्वाहाची काही सोय करून द्या.

सहावी पायरी: फलकावरचा हिशेब आणि सरकारदरबारचा

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एक पानी जमाखर्च फलकावर: मागची शिल्लक, जमा, खर्च, आजची शिल्लक, बँकेत किती, हातावर किती. गुळगुळीत छापील नको, हाताने लिहिलेला चालेल. पण तारीख चुकली की लोकांचं लक्ष जातं, म्हणून ती चुकवू नका.

महाराष्ट्रातली मंडळी १९५०च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली असेल तर हिशेबाचं दरवर्षी ऑडिट करून ते धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल करावं लागतं. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज. हा अर्ज राहून जातो आणि मग वारलेल्या विश्वस्तांची नावं नोंदवहीत वर्षानुवर्षं तशीच राहतात. पुढे भांडण कोर्टात गेलं की नव्या कमिटीला आपण कमिटी आहोत हेच सिद्ध करावं लागतं.

जमीन हा सगळ्यात नाजूक विषय. नगर भागात १८३१ पासून मिशनचं काम आहे. त्या काळच्या मिशनच्या जागा आता भर बाजारपेठेत आल्यात आणि त्यांच्यावर बऱ्याच जणांचा डोळा असतो. याच अधिनियमाच्या ३६व्या कलमानुसार विश्वस्तव्यवस्थेची स्थावर मालमत्ता विकायला, बदलून द्यायला किंवा बक्षीस द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त आणि बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त भाडेपट्ट्याने द्यायची तरीही लागते. 'आपसांत करारनामा करू, परवानगी मागाहून बघू' असं म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. असा प्रस्ताव कमिटीच्या बंद बैठकीत नाही, मंडळीच्या सर्वसाधारण सभेत यावा. सातबारा आणि मालमत्ता पत्रकाची ताजी नक्कल दरवर्षी काढून फाइलला लावा.

परदेशातून येणाऱ्या पैशाचा गोंधळ बहुधा प्रेमापोटी होतो. गावचा मुलगा दुबईत नोकरीला आहे, पासपोर्ट भारतीय आहे, त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवले तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. त्याच गावची ताई अमेरिकेची नागरिक झाली, तर तिच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी तिने मंडळीला दिलेला पैसा विदेशी देणगीच होतो. त्यासाठी २०१०च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी हवी आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवी. 'ओळखीच्या संस्थेकडे नोंदणी आहे, त्यांच्या खात्यातून आपल्याला देतील' ही वाट २०२० च्या दुरुस्तीने बंद झाली. ताईंना स्पष्ट लिहून कळवा की आम्हाला घेता येत नाही. त्या दुखावतील, समजूनही घेतील.

देणगीदार आयकराची सूट विचारतात. केवळ उपासनेचं काम करणाऱ्या संस्थेच्या पावतीवर ती सहसा मिळत नाही, म्हणून तोंडी आश्वासन देऊ नका. आणि एकाच व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांहून जास्त रोख देऊ नका. गवंड्याला, मंडपवाल्याला चेकने द्या.

सातवी पायरी: कानावर पडलेलं

पैशाची अफरातफर मंडळी एखाद वेळ विसरते. आपलं दुःख व्हॉट्सॲपवर फिरलं हे कोणी विसरत नाही. 'प्रार्थना करा, अमक्यांच्या सुनेचं गर्भाशयाचं ऑपरेशन आहे', 'तमक्यांच्या मुलीचं ठरलेलं मोडलंय, प्रभूने सांत्वन द्यावं.' हेतू चांगला, शब्द भक्तीचे, आणि संध्याकाळपर्यंत तीन गावांतल्या नातेवाइकांना बातमी पोहोचलेली.

नियम सोपा ठेवा. विनंती ज्याची आहे त्याला विचारायचं: कोणाला सांगू? आणि नेमकं काय सांगू? त्याने 'तब्येतीसाठी प्रार्थना करा' एवढंच सांगितलं असेल तर गटावर तेवढंच जाईल. पाळकांना सांगितलेलं पाळकीणबाईंना आपोआप कळलं असं धरू नये. उपदेशात मंडळीतल्या माणसाचं उदाहरण नाव गाळूनही देऊ नका. दीडशे माणसांत नाव गाळून काही लपत नाही.

गुप्ततेला एक हद्द आहे आणि ती आधीच सांगायला हवी. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. 'दोन्ही घरं आपलीच आहेत, बसून मिटवू' ही कमिटीची भाषा इथे चालत नाही. शब्बाथ शाळेच्या वर्गात दोन मोठी माणसं, दार उघडं. शिबिरात झोपण्याची जागा आधी ठरलेली. नवीन शिक्षक आधीच्या मंडळीतून आला असेल तर तिथे फोन करून विचारणं, मग तो कितीही सुंदर गात असो.

पाळकांविरुद्ध किंवा पुढाऱ्यांविरुद्ध तक्रार असेल तर ती कोणाकडे जायची? बऱ्याच ठिकाणी पाळकांविरुद्धची तक्रार पाळकांकडेच द्यावी लागते. पाळकांच्या नात्यातली नसलेली एक स्त्री आणि एक पुरुष यासाठी नेमा, त्यांचे नंबर फलकावर लावा. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी २०१३च्या कायद्याने अंतर्गत समिती लागते. त्याहून कमी असतील तर स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, हेही तिथेच लिहा. चेन्नईत जन्मलेले आणि जगभर गाजलेले वक्ते रवि झकरायस यांच्यावर २०१७ मध्ये जाहीर आरोप झाला तेव्हा त्यांच्या संस्थेने त्यांची पाठराखण केली. ते २०२० मध्ये वारले. फेब्रुवारी २०२१ मध्ये संस्थेनेच नेमलेल्या वकिलांच्या फर्मचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि अनेक स्त्रियांशी त्यांनी गैरवर्तन केल्याचं त्यात आलं. त्या संस्थेकडे माणसं, पैसा, कार्यालयं, कशाचीच कमी नव्हती. झकरायस यांना अडचणीचा प्रश्न विचारून उत्तर घेईल, असं मात्र कोणी उरलं नव्हतं.

बाईंना एकट्याने भेटायचं नाही हा नियम बरेच पाळक पाळतात. चांगलं आहे. पण त्याचा परिणाम असा होऊ नये की एकटी राहणारी विधवा वर्षभर भेटीविना राहिली. महिला मंडळातल्या दोघींना ती जबाबदारी रीतसर द्या.

आठवी पायरी: बाहेरच्यांना दिलेला शब्द आणि आकडे

११ मार्च १८८९ रोजी ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी मुंबईत विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन उघडलं. धर्माबाबत तटस्थ राहू, कोणाच्या रीतीभातीत ढवळाढवळ करणार नाही, असं आश्वासन होतं. सदन पुण्याला आल्यावर रानडे आणि भांडारकरांसारखी माणसं सल्लागार होती. रमाबाई आपल्या लेकीबरोबर प्रार्थना करत, दार उघडं असे, मुली आपणहून येऊन बसत. मी कोणाला बोलावलं नाही आणि कोणाला हाकललंही नाही, ही त्यांची बाजू. सल्लागारांच्या मते तटस्थतेत हे बसत नव्हतं. १८९३ मध्ये त्यांनी अंग काढून घेतलं आणि अनेक पालकांनी मुली नेल्या. रमाबाई खोटं बोलल्या असं मी म्हणणार नाही. एकाच आश्वासनाचे दोन अर्थ दोन्हीकडे प्रामाणिकपणे धरले गेले होते आणि ते फुटेपर्यंत कोणी समोरासमोर ताडून पाहिले नाहीत.

म्हणून आरोग्य शिबिर, शिकवणी, शिवणक्लास यांत इतर धर्मांची माणसं येणार असतील तर काय होईल आणि काय होणार नाही हे पत्रकावर साध्या मराठीत लिहा. प्रार्थना होणार असेल तर कधी होईल, थांबायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, औषध दोघांनाही सारखंच मिळेल. शिकवणीच्या मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीशिवाय देणगीदारांना पाठवू नका.

अहवालातला बाप्तिस्म्यांचा आकडा रजिस्टरशी जुळला पाहिजे. सभेत हात वर केलेल्यांना 'तारण पावलेले' म्हणून मोजायचं, तीच माणसं पुढच्या गावच्या सभेला आली की पुन्हा मोजायचं, हे देणगीदाराशी खोटं बोलणंच आहे. मोडेस्टोच्या यादीत ही गोष्ट पैशाच्याच पंक्तीला होती.

विश्वास आधीच गेला असेल तर

बँकेतल्या सह्या त्याच आठवड्यात बदला. बाहेरचा ऑडिटर आणा, मंडळीतल्या कोणाचा मेहुणा नको. मंडळीला तारीख सांगा: अमुक रविवारी जेवढं कळलं तेवढं सांगू. त्या रविवारी अर्धवट असेल तरी सांगाच. क्षमेच्या ठरावाची घाई करू नका. बायबलमधल्या जक्कय नावाच्या जकातदाराने नुसती क्षमा मागितली नाही, चौपट परत देतो असा आकडा सांगितला. क्षमा मिळालेल्या माणसाला चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसवा, पण चेकबुक त्याच्या हाती परत देण्याचा प्रश्न वेगळा आहे.

शेवटची पायरी: पद सोडताना

जुने खजिनदार, नवे खजिनदार आणि चिटणीस असे तिघं बसा आणि यादी करा. हातावरची रोकड मोजून, पासबुकं, चेकबुकं रद्द चेकांसह. वापरलेली आणि कोरी पावती पुस्तकं क्रमांकांनिशी, कारण कोरं पावती पुस्तक घरी राहणं ही सगळ्यात धोकादायक गोष्ट. नोंदणी प्रमाणपत्र, पॅन कार्ड, जागेची मूळ कागदपत्रं, ऑडिटचे अहवाल, कपाटाच्या किल्ल्या. बँकेचं सिम, ईमेलचा पासवर्ड, व्हॉट्सॲप गटाचं ॲडमिनपद. यादीच्या तीन प्रती, प्रत्येकीवर तिघांच्या सह्या. बदल अर्जाची तारीख तिथेच ठरवा. बँकेच्या नोंदीतून जुनी सही निघाल्याचं पत्र आलं की कमिटीने जुन्या खजिनदारांना 'आपल्याकडून काहीही येणं नाही' असं मंडळीच्या शिक्क्याचं पत्र द्यावं आणि त्याची नक्कल फाइलला लावावी. फार थोड्या मंडळ्या हे पत्र देतात, म्हणून जाणाऱ्यानेच ते मागून घ्यावं.